सोफेवाल्याच्या बायकोचा फोन

सोफेवाल्याच्या बायकोला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. तरी संसार झाला. चहा, भूक, ताप, पाहुणे एवढ्या खुणा त्याला येत होत्या, आणि नवऱ्याला यापेक्षा जास्त कशाला लागतं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं! बायकोने नको तो विषय काढला, की हा सरळ मान फिरवून खुर्चीला खिळे ठोकत बसायचा. पाहिलंच नाही म्हणजे ऐकलंच नाही. शेजारचा चावीवाला म्हणायचा, "नशीब काढलंस लेका!"

नवा मोबाइल त्याने गिऱ्हाइकांना कापडाचे नमुने दाखवायला घेतला होता. बायकोच्या भावाने तो नंबर तिच्या शाळेतल्या मूकबधिर मैत्रिणीला दिला. एका दुपारी दुकानात फोन वाजला. सोफेवाल्याने सवयीने तो कानाला लावला. हॅलो हॅलो करून घसा कोरडा पडला, पण पलीकडून चकार शब्द नाही. वैतागून ठेवणार, तोच कव्हरं शिवत बसलेल्या बायकोची नजर स्क्रीनवर दिसणाऱ्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावर गेली. तिने फोन हिसकावला, शिलाई मशीनला टेकवून उभा केला आणि तिचे हात जे सुटले ते सुटले.

तो आ वासून बघत राहिला. एवढं बोलते ही? ती खिदळली, रुसली, कुणाची तरी नक्कल केली, डोळे पुसले. आपल्या घरात इतकी वर्षं भलतीच बाई राहत होती की काय, असं वाटून तो चक्क घाबरला.

मग रोजच फोन येऊ लागला. एकदा स्क्रीनवर मैत्रिणीची मुलगी आली. तिला ऐकू येत होतं.

"काका, मावशीला तुम्हाला काहीतरी विचारायचंय. मी बोलून सांगते, चालेल?"

"विचार की."

बायको त्याच्याकडे वळली. हात पोटाशी नेले, मग हातांचा पाळणा केला. ही खूण ओळखीची होती. पहिलं बाळ गेलं तेव्हापासून ती हे करत आली होती आणि तो मान फिरवत आला होता. आताही त्याने फिरवली, हातोडी उचलली. पण आवाजापुढे मान फिरवून काय उपयोग?

"बाळ रडलं होतं का, असं विचारतेय ती."

हातोडी हातातच राहिली.

"सगळ्यांनी तिला सांगितलं, बाळ मेलेलंच जन्मलं. पण त्याचं तोंड उघडलेलं तिने पाहिलंय. आवाज तिला कळणार कसा? तुम्ही दाराबाहेर होतात ना?"

बायको आपल्याला दोष देते, असंच तो धरून चालला होता. आणि ती एवढंच विचारत होती? तिला सांगू नकोस, झुरेल, असं थोरल्यांनी बजावलं होतं. त्यालाही ते सोयीचं पडलं होतं.

"रडलं," तो कसाबसा म्हणाला. "बराच वेळ रडलं. पार जिन्यापर्यंत ऐकू येत होतं."

मुलीने सांगायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. "हे मी नाही सांगणार, काका. तुम्ही सांगा."

सोफेवाल्याला ती खूण येत नव्हती. त्याने मुठी आवळल्या, तोंड वासलं आणि तान्ह्या बाळासारखं रडून दाखवलं. दाखवून झालं तरी त्याला थांबता येईना.

बायको त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग तिने मान हलवली. हो, अगदी अस्संच.