हॅल्वरसनच्या चढावरचे लाल दिवे

शाळेची बस थांबताना दिसली की गाडीवाल्याने काय करायचं, हे नॉर्मा ट्वाइट झोपेतून उठवलं तरी सांगेल. पिवळे दिवे लुकलुकले की वेग कमी करायचा. लाल दिवे लागून बसच्या अंगातून थांबण्याची पाटी बाहेर आली, की दोन्ही बाजूंनी जागच्या जागी उभं राहायचं, पाटी आत जाईपर्यंत. यात न कळण्यासारखं काय आहे सांगा! पण माणसाची जात अशी की पिवळा दिवा दिसला की पाय नेमका वेग वाढवतो. नऊ नंबरची बस चालवून सव्वीस वर्षं झाली, तरी नॉर्माचं डोकं यावरून रोज फिरायचं.

आणि हीच नॉर्मा एका ठिकाणी स्वतः डोळेझाक करायची. हॅल्वरसनच्या चढावर.

रोज सव्वासातला ती चढाच्या माथ्यावर आठ वर्षांच्या ब्रिनला घ्यायला थांबायची, आणि त्याच वेळी समोरून तिच्या दिराचा, गॉर्डीचा, दुधाचा टँकर वर येत असायचा. ब्रिनचं घर रस्त्याच्या पलीकडे, टँकरच्या अंगाला. विस्कॉन्सिनचा जानेवारी, रस्त्यावर बर्फ थिजलेलं. भरलेला टँकर चढावर थांबला की पुन्हा उचलत नाही. म्हणून नॉर्मा नुसते पिवळे दिवे लावून बसायची. गॉर्डी गेला की मग लाल दिवे, पाटी, आणि पोरीला हाताने खूण, की ये आता. ब्रिनच्या शाळेच्या पहिल्या हिवाळ्यात एकदा केलं, मग तो पायंडाच पडला. थांबा हलवा म्हणून ती ऑफिसला सांगून थकली. थांबे शाळा सुरू होताना, ऑगस्टमध्येच ठरतात म्हणे.

गॉर्डीला दुखवून चालणार नव्हतं. तिच्या नवऱ्याची, आर्लनची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, तासाभराच्या रस्त्यावर, साडेनऊला. उशीर झाला तर डायलिसिसची खुर्ची दुसऱ्या रुग्णाला देतात. नॉर्माची सकाळची फेरी संपते नऊला. मग न्यायचं कुणी? गॉर्डीने. आठला टँकर रिकामा करून तो सव्वाआठला दारात हजर, चार वर्षांत एकदाही चुकला नाही. बरं, बस सोडावी, तर आर्लनच्या उपचारांचा विमा बसच्या नोकरीवर. कुठलंही टोक ओढा, गाठ आणखी आवळायची.

त्या बुधवारी टँकर गेला. नॉर्माने लाल दिवे लावले, पाटी काढली आणि हात हलवला. गॉर्डी गेला म्हणजे रस्ता मोकळा, हे तिच्या हातालाच पाठ झालेलं. टँकरच्या मागे चिकटून एक निळी गाडी येत होती, ती तिला दिसलीच नाही. ब्रिन दोन पावलं रस्त्यात आली होती. नॉर्माने हॉर्न दाबला, पोर जागीच थिजली, आणि गाडीचा आरसा तिच्या हातातला डबा घेऊन गेला. डबा! हात नाही, हे नशीब.

गाडी पुढे जाऊन थांबली. चर्चमध्ये नॉर्माच्या शेजारी बसणारी डार्लीन तिच्यातून उतरून धावत आली, तोंड पांढरंफटक.

"लाल दिवे दिसले नाहीत तुला?" नॉर्माने विचारलं.

"दिसले गं. पण या चढावर तू कुणाला थांबवत नाहीस ना. टँकरमागून निघून जायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

लाल दिवे तोडणाऱ्या गाडीचा नंबर फॉर्म भरून ऑफिसला कळवायचा असतो. तो फॉर्म दिवसभर तिच्या मांडीवर कोरा राहिला.

संध्याकाळी ब्रिनची आई जनेल ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं गरम कॅसरोल घेऊन दारात. "तुम्ही हॉर्न दाबलात म्हणून माझी पोर आज घरी आली," म्हणाली आणि नॉर्माच्या गळ्यात पडली. नॉर्माच्या ओठावर आलं होतं, अगं बाई, तिला रस्त्यात बोलावलं कुणी ते तर विचार! पण ते ओठावरच राहिलं. मूत्रपिंडाच्या पथ्यामुळे आर्लनला बटाटा चालत नाही. तिने एकटीने बसून ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी गॉर्डी कॉफीला आला, तेव्हा तिने सांगून टाकलं. "उद्यापासून तू असलास तरी मी लाल दिवे लावणार."

"वेड लागलंय का? भरलेला टँकर आहे तो, हातगाडी नाही."

"पिवळे दिसले की खालीच थांब."

"खाली वळण आणि पूल. तिथून वेग कुठून घेऊ? एखाद्या दिवशी अडकलो ना, तर आर्लनला कोण नेणार? तुझी पिवळी गाडी?"

"तुला सोडलं की डार्लीन सुटते, गॉर्डी. ती सुटली की सगळं गाव सुटतं."

"मग थांबव. मीही बघतो, थांबवतेस का ते." तो कप अर्धा ठेवून उठला. आर्लन टेबलाशी बसून सगळं ऐकत होता.

शुक्रवारी नॉर्माने नेहमीपेक्षा बऱ्याच आधी पिवळे दिवे लावले. टँकर पुलावर दिसला. थांबेल, थांबेल, असं ती मनात म्हणत राहिली. तो वर यायलाच लागला. तिला वाटलं, सोडावं याला, आजच्या दिवस सोडावं. डायलिसिसचाच दिवस आहे. पत्रपेटीजवळ ब्रिन उभी होती, नवा डबा छातीशी धरून, आणि तिची नजर नॉर्माच्या हातावर होती.

नॉर्माने लाल दिवे लावले.

टँकर अर्ध्या चढावर थांबला. मागे निळी गाडी थांबली, तिच्यामागे आणखी तीन. नॉर्माने या वेळी एकेका गाडीची चाकं पाहिली, मग हात हलवला. ब्रिन रस्ता ओलांडून आत आली. "गुड मॉर्निंग, मिस नॉर्मा," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. पाटी आत गेली तशी टँकरची चाकं जागच्या जागी फिरू लागली. बर्फ उडालं, टँकर हातभर मागे सरकला आणि अडकला. नॉर्मा त्याच्या शेजारून बस घेऊन गेली. गॉर्डीने तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या बसमध्ये अजून अकरा मुलं भरायची होती.

बर्फावर वाळू टाकणारी गाडी पावणेदहाशिवाय येणार नाही, हे तिला बसच्या वायरलेसवरून कळलं.

ती घरी आली तेव्हा आर्लन दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. अंगात कोट, पायात बूट, डोक्यावर टोपी, सव्वाआठपासून तसाच. घोटे सुजून बुटाबाहेर आले होते. आता खुर्ची एकदम सोमवारी. म्हणजे आणखी तीन दिवस अंगात पाणी साठत राहणार, आणि सोमवारी सव्वासातला पुन्हा तोच चढ.

"पोर ओलांडली?" त्याने विचारलं.

"ओलांडली."

"बरं झालं," तो म्हणाला आणि बूट काढायला वाकला. त्याला वाकता येईना. नॉर्मा जमिनीवर बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि बुटाची नाडी सोडू लागली.