नऊ हात आणि एक मूठ

रेवा, निहार,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि त्यांना तर मी घरातली टाचणी कुठल्या डबीत आहे तेही सांगत असे. आता सांगते आहे, कारण गेल्या महिन्यात रेवा फोनवर म्हणाली, "आजी, तुझं घराचं पुस्तक मी वर्गात वाचलं! टीचरनी ते भिंतीवर लावलंय." किती आनंदात होतीस. मी शाब्बास म्हटलं. आणि फोन ठेवला.

ते पुस्तक खोटं आहे. सगळं नाही. कौलं खरी, ओटी खरी, विहीर खरी. पण घराच्या मधोमध जो खांब आहे, तिथे पोचल्यावर ते खोटं बोलतं.

ते मी इंग्रजीत लिहिलं होतं. हे मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वेळ लागेल, अडलं तर बाबाला विचारावं लागेल. लागू दे. आयुष्यभर इंग्रजी शिकवल्यामुळे त्या भाषेत माझा हात फार सफाईनं चालतो, आणि ही गोष्ट सफाईची नाही.

तुम्ही इथे दोनदा आला आहात. किन्हवलीच्या पुढे, डोंगराकडे तोंड केलेलं आपलं शेतघर. निहार, स्वयंपाकघरातल्या त्या खांबावर तू कपाळ आपटून घेतलं होतंस, आठवतं? सगळेच आपटतात. ओट्याच्या आणि जेवणाच्या जागेच्या बरोबर मध्ये खांब कोण ठेवतो? लग्न होऊन आले तेव्हा मीही हेच विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "ती मेढ आहे. तिला हलवायचं नाही." का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

ऐनाचं एकच झाड. वर फांदी फुटते तिथे तोडलेलं, आणि त्या बेचक्यात घराचा आडा, म्हणजे छपराचं मधलं आडवं लाकूड, बसवलेला. खिळा नाही, बोल्ट नाही. भिंती तीनदा बदलल्या, गवत जाऊन कौलं आली, सारवण जाऊन फरशी आली, आणि हे सगळं त्या एका बेचक्यावर पेललेलं. शाळेतून निवृत्त होऊन आम्ही दोघं इथे राहायला आलो, तेव्हा मी घराचा इतिहास लिहायचं ठरवलं. हिरव्या फायलीत कागद, निळ्या फायलीत मापं. जुने कागद वाचता यावेत म्हणून मोडी शिकले. रोज सकाळी टेप घेऊन घर मोजायची.

आणि घर मोजताच येईना! बाहेरच्या खोल्या फुटांत चोख बसत. मेढीभोवतीचा आतला चौक मात्र कशातच बसत नव्हता, फुटात नाही की मीटरमध्ये नाही. मी तीनदा मोजला. मागच्या वाडीतली जमना तेव्हा धान्य पाखडायला आली होती. माझ्याच वयाची ठाकूर आदिवासी बाई, उंच, लांब हातांची. दारात उभी राहून ती बघत होती.

"काय हरवलं गो बाई?"

"अगं, माप जुळत नाही."

"जुळंल कसं? तुमची टेप लोखंडाची. तिला काय ठावं घर?" असं म्हणून ती खाली बसली आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात टाकत भिंतीकडेनं सरकत गेली. नऊ हात झाले आणि वर एक मूठ उरली. दुसरी बाजू, पुन्हा नऊ हात, एक मूठ. चारही बाजूंना तेच. ती हसायला लागली. "बापयाचा हात आसंल. माज्यापेक्षा लांब. म्हून मूठ उरतीय."

मला हसू आलं नाही. कुणा एका माणसाच्या हाताची लांबी, तो माणूस नाही, त्याचं नाव नाही, आणि त्याचा हात अजून इथे होता. मी त्याच्याच आत चहा करत होते.

आता त्या तांदळाचं सांगते. दर वर्षी भात झोडून झालं की जमनेच्या घरचं कुणीतरी यायचं. ओंजळभर नवे तांदूळ आणि शेताच्या बांधावरचा कुरडूचा तुरा मेढीच्या बुडाशी ठेवायचं, डोकं टेकायचं आणि जायचं. त्याआधी ती माणसं नवा भात तोंडात घालत नसत. आमच्या घरात सगळे समजत, मालकाच्या घराचा मान राखतात. मीही तसंच समजत होते. पुस्तकात त्यावर एक गोड परिच्छेदही लिहिला होता. तुमच्या आजोबांच्या आजोबांनी रानातून ऐन आणून ही मेढ रोवली, असं घरात सांगत आले होते, तेही लिहिलं. छपाईला दिलं.

आणि मग माळ्यावर पत्र्याची नळी सापडली. आत जमिनीच्या मोजणीचे दोन नकाशे होते, एक जुना आणि एक त्यानंतरचा. दोन्हींवर आपलं शेत, ओढा, आणि घराचा चौकोन. नंतरच्या नकाशात चौकोनाशेजारी आपलं आडनाव आहे. जुन्या नकाशात मोडीत लिहिलं आहे — घर, काळू वलद लखमा ठाकूर. लखमाचा मुलगा काळू.

काळू म्हणजे जमनेच्या नवऱ्याचा पणजोबा, हे मागाहून कळलं. नाव मात्र मला ठाऊक होतं. मेढीपुढे डोकं टेकताना ती "काळूबाबा" म्हणायची, आणि मला वाटायचं एखादा देव असेल.

एका कागदावर त्यांचं घर, पुढच्या कागदावर आपलं. मधला कागद नाही. कसं झालं, कुणी काय केलं, मला माहीत नाही. पण ती माणसं दर वर्षी मालकाचा मान राखायला येत नव्हती. ती स्वतःच्या घरी येत होती. काही न मागता, काही न बोलता, इतक्या पिढ्या! मी नकाशा मांडीवर घेऊन मेढीला टेकून बसले होते. इतकं मोठं काही मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी काय केलं? नकाशा गुंडाळला, नळीत घातला, नळी कपाटात घातली.

इथपर्यंतचं कदाचित मी आज ना उद्या कुणाला सांगितलंही असतं. पुढचं नाही.

दोन महिन्यांनी जमना आली. दुपार होती, पुस्तकाच्या प्रती नुकत्याच छापून आल्या होत्या, मी त्यावर तुमच्या चुलत आजोबांची नावं घालत होते. तिच्याबरोबर तिची नात कमळ होती. बारावी झालेली, हुशार. तिला नर्सिंगला जायचं होतं. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हवी, आणि त्याला जुना कागद हवा, ज्यावर तिच्या पूर्वजाच्या नावापुढे 'ठाकूर' लिहिलेलं असेल. शहापूरच्या फेऱ्या मारून झाल्या होत्या.

जमना जमिनीवर बसली. "बाई, तुमी मोडी वाचता. एवढी कागदं बघितलीत. आमच्या काळूबाबाचं नाव कुटं गावलं का? पोरीचं काम आडलंय."

कपाट माझ्या पाठीशी होतं. हात मागे केला असता तर पोचला असता.

मी म्हटलं, "नाही गं. कुठेच नाही."

"नाय म्हंजी नाय," जमना म्हणाली. "तुमी बघितलंय म्हंजी झालं." आणि नातीला म्हणाली, "बाई खोटं कशाला बोलंल? चल, ऊठ."

त्या दोघी गेल्या. मी नावं घालायचं काम पूर्ण केलं. अक्षर कुठेही हललं नाही.

त्या वर्षी कमळची जागा गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. आता ती आसनगावजवळ एका गोदामात खोकी भरते, दिवसभर उभी राहून. जमना चार वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या वर्षीही ती तांदूळ घेऊन आली होती, काठी टेकत. मी तिला चहा दिला. काय सांगायचं ते सांगितलं नाही. मला भीती कशाची होती? घर जाईल याची? छापलेलं पुस्तक खोटं ठरेल याची? पुस्तकाचीच जास्त होती, असं आता वाटतं, आणि ते लिहितानाही लाज वाटते.

परवा कमळ आली, तांदूळ आणि कुरडूचा तुरा घेऊन. बरोबर तिच्या भावाची मुलगी. मी नळी काढून तिच्या हातात दिली, दोन्ही नकाशे, आणि मोडी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. तिनं ते नाव तीनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "आजी, हा कधी गावला?"

आणि मुलांनो, मी म्हणाले, "आत्ताच. माळा झाडताना."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता हिच्या कामाला येल," ती मुलीकडे बघून म्हणाली. "लय उपकार झाले, आजी." आणि ती माझ्या पाया पडली. माझ्या. मेढ समोर असताना.

या पत्राची एक प्रत मी उद्या कमळकडे पाठवते आहे. तिचं वाचन चांगलं आहे, तिला कुणाला विचारावं लागणार नाही. ती काय करेल ते तिचं आहे. रेवा, ते भिंतीवरचं पुस्तक काढायचं की ठेवायचं, तेही मी तुला सांगणार नाही.

मेढ उभी आहे. आतला चौक अजून नऊ हात आणि एक मूठ आहे. परवाचे तांदूळ तिच्या बुडाशी आहेत.

— आजी