बांधणाऱ्याचा रकाना

वाहन तपासणीच्या हॉलमध्ये जमिनीवर एक पिवळी पट्टी आखलेली होती आणि शुभदा घारपुरे त्या पट्टीच्या अलीकडे उभी होती. पलीकडे गाडी. गाडीशेजारी तिचा नवरा श्रीरंग, हातात तिचा स्क्रूड्रायव्हर धरून, कुणीतरी वाढदिवसाचा केक कापायला उभं केल्यासारखा.

"पंधरा मिनिटं," हेर फोग्ट म्हणाले. ते तिथले तपासनीस. चष्मा कपाळावर, पेन कानावर. "रोलरवरची चाचणी पास झाली. पण आयडलिंगला, गाडी जागेवर उभी असताना, कार्बन मोनॉक्साइड जास्त आहे. मर्यादा अर्धा टक्का, तुमचा येतोय शून्य पूर्णांक आठ. दुरुस्तीची एकच संधी मिळते आणि ती फक्त एरबाउअरला. दुसऱ्या कुणी गाडीला हात लावायचा नाही. विम्याचा नियम आहे."

एरबाउअर म्हणजे जर्मनमध्ये गाडी बांधणारा. अर्जात त्या रकान्यात ज्याचं नाव, तो.

नाव होतं श्रीरंग घारपुरे. सकाळी फोग्टनी ते मोठ्यांदा वाचलं तेव्हा शुभदानं वाकून अर्ज पाहिला. ते तिनं स्वतःच्या हातानं, तिच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं. सप्टेंबरात, जेवणाच्या टेबलावर, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत. रेशनकार्ड, गॅसची जोडणी, लेकीच्या, ओवीच्या, शाळेचा अर्ज, इथला घराचा करार, सगळीकडे जे नाव पहिल्या ओळीत जातं ते गेलं. दुसरं काही लिहायचं असतं हे तिला सुचलंही नव्हतं.

आणि गाडी तर बोल्ट न् बोल्ट तिची होती.

पुण्यात शुभदा आठ वर्षं इंजिनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. पंजाबी ड्रेसवर खाकी कोट, कानात कापसाचे बोळे. श्रीरंगला जर्मनीत, गेर्लिंगेनला नोकरी लागली, सॉफ्टवेअरची, आणि सगळे इकडे आले. तिच्या पासपोर्टात जो कागद चिकटवला त्यावर छापलेलं होतं की या बाईला नोकरी करण्यास परवानगी नाही. तिनं ते वाक्य शब्दकोश घेऊन लावलं होतं. जर्मनमध्ये स्वतःहून वाचलेलं तिचं पहिलं वाक्य ते. पहिलं वर्ष भाषेच्या वर्गात गेलं आणि मंडळाच्या दिवाळीसाठी दोनशे चकल्या पाडण्यात गेलं.

मग श्रीरंगनं ऑफिसातल्या एकाकडून अर्धवट टाकलेली गाडी विकत घेतली. इंग्लंडहून आलेला सांगाडा, दोन सीटांची उघडी गाडी, घरी जोडायची. इंजिन वेगळं, भंगारातल्या एका मोटारीचं, दोन लिटरचं. दोन शनिवार त्यानं पेट्या उघडल्या, तिसऱ्या शनिवारी अंगठ्याचं नख काळंनिळं करून घेतलं आणि चौथ्या शनिवारी क्रिकेट लावून बसला.

शुभदा लोणच्याच्या बरण्या ठेवायला म्हणून खाली गॅरेजात गेली आणि वर आली तेव्हा ओवीची शाळा सुटायची वेळ होऊन गेली होती.

अडीच वर्षं. सकाळी ओवीला सोडलं की गॅरेज, आणि एकच्या ठोक्याला हातोडी खाली, कारण एक ते तीन इमारतीत शांतता पाळायची. एकदा जिन्यात चिठ्ठी लागली: हेर घारपुरे यांनी जेवणाच्या वेळेत ठोकाठोकी करू नये. हेर घारपुरे त्या दिवशी हॅम्बर्गला मीटिंगमध्ये होते. ओवी शेजारणीला सांगायची, "पापा बाउट आइन आउटो." बाबा गाडी बांधतायत. शुभदा ऐकायची आणि हसायची. सगळेच म्हणायचे, श्रीरंगची गाडी. म्हणेनात का!

मग नोव्हेंबरात ब्रेंडले बोलला. लेओनबेर्गच्या रस्त्यावर त्याचं जुन्या इंजिनांचं वर्कशॉप होतं, शुभदा त्याच्याकडून गॅस्केटं घ्यायची. तोंडाचा फटकळ, मिशीला कायम ऑइल.

"कुणासाठी नेता हे सगळं? नवऱ्यासाठी?"

"माझ्यासाठी."

"हं? मग सांगा, हेडचे बोल्ट कुठल्या क्रमानं आवळलेत?"

तिनं सांगितलं. मधून बाहेर, तीन टप्प्यांत, आणि शेवटच्या टप्प्याला किती अंश, तेही. ब्रेंडलेनं काउंटरवरचं अर्धं खाल्लेलं बन बाजूला सरकवलं.

"फ्राउ घारपुरे, मला माणूस हवाय. पण परदेशी लोकांच्या ऑफिसात नुसत्या माझ्या शब्दावर कुणी तुम्हाला नोकरीची परवानगी देणार नाही. तुमच्या पुण्याच्या सर्टिफिकेटांना इथे कोण विचारतो? इथला कागद आणा. इंजिन मंजूर झाल्याचा, बांधणारा म्हणून तुमचं नाव असलेला. त्याला जोडून मी पत्र लिहितो की हीच बाई हवी. मग बघू कोण नाही म्हणतो."

घरी येताना याच विचारात ती बसमधून एक स्टॉप पुढेच उतरली.

त्या कागदासाठी आज ती इथे होती. आणि कागदावर तिचं नाव नव्हतं, हे तिला सकाळी साडेनऊला कळलं होतं.

"तीन नंबर," शुभदा पट्टीच्या अलीकडून मराठीत म्हणाली. "अहो, तीन नंबरचा हवेचा स्क्रू."

"तीन कुठून मोजू?"

"पुढून."

"पुढून म्हणजे दिव्यांकडून?"

"मग काय डिकीकडून?"

"अगं, हिला डिकी आहेच कुठे?"

"अहो, वाद नंतर घाला. तो पितळेचा दिसतोय ना, बारका? तो. हात काढा तिथून, तापलंय ते!"

श्रीरंगनं हात झटकला. फोग्टनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुमच्या मिसेस काय म्हणतायत?"

श्रीरंगनं आपल्या कोटाकडे पाहिलं. "ती म्हणतेय... कोटाला ग्रीस लागेल."

"हो, हो," फोग्ट म्हणाले. "माझीही तेच म्हणते."

शुभदानं डोळे मिटून घेतले होते. चार सिलिंडर एका पंगतीत जेवत होते आणि तिसरा मध्येच थांबून पाणी पीत होता. तिला ते ऐकू येत होतं, या हॉलच्या दुसऱ्या टोकाहूनही आलं असतं. काल थंडीत ट्रेलरवरून आणताना तो स्क्रू हलला असणार. अर्ध्या मिनिटाचं काम. तिच्या बोटांना त्या स्क्रूची खाच पाठ होती.

"पाव फेरी उघडा. डावीकडे."

श्रीरंगनं फिरवला. इंजिन खोकलं, अडखळलं, बंद पडतंय की काय असं झालं.

"पाव म्हटलं मी, श्रीरंग! अर्धी नाही!"

नावानं हाक मारली हे तिच्याही लक्षात आलं नाही. त्याच्या आलं. त्यानं वळून बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता, डिसेंबरातला.

"मला नाही कळत गं," तो हळूच म्हणाला. "खरंच नाही कळत."

"होता तिथे आणा आधी. आणलात? आता घड्याळ समजा. काटा बारावर आहे. नऊवर न्या. सावकाश. मी थांब म्हणेन."

तो फिरवत होता. ती ऐकत होती.

"थांब."

तिसरा पंगतीला लागला. चौघं एका चालीत जेवू लागले.

"आता वेग चढलाय थोडा. मोठा स्क्रू, तारेपाशी. केसभर मागे. केसभर म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या नव्हे, ओवीच्या केसाएवढं."

"एवढ्यातही टोमणा?"

"थांब. झालं. सोडा हात."

फोग्ट मीटरकडे वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले. "शून्य पूर्णांक तीन," ते म्हणाले आणि कानावरचं पेन काढलं. "गेनाऊ, अगदी बरोबर. अभिनंदन, हेर घारपुरे."

श्रीरंगनं हात पुढे केला, मग त्याला ग्रीस लागलेलं दिसलं, मग तो तसाच धरून राहिला.

काउंटरवर फोग्टनी कागद पसरले. शिक्का हातात घेतला. "शेवटचा प्रश्न. या अर्जातली सगळी माहिती बरोबर आहे?" प्रश्न श्रीरंगला होता. नजर शुभदावर.

शुभदानं जर्मनमध्ये विचारलं, "समजा, एखादी चूक असेल तर?"

"कुठल्या रकान्यात?"

"बांधणाऱ्याच्या."

फोग्टनी शिक्का परत पॅडवर ठेवला. "आल्झो, तर मग हा अर्ज रद्द. नवा अर्ज, नवी तारीख, सगळ्या चाचण्या पुन्हा. जानेवारीच्या आत तारीख नाही. आणि एवढ्या जुन्या इंजिनाला जी सूट आहे ती एकतीस डिसेंबरला संपते. जानेवारीत हे इंजिन मी आत घेऊच शकत नाही."

"एकच ओळ बदलायची. इंजिन तेच आहे."

"फ्राउ घारपुरे, दुरुस्ती त्या नावाच्या माणसानं माझ्यासमोर केली."

"तुम्ही पाहिलंत तसं?"

त्यांनी कागदांच्या कडा जुळवल्या. "मी लिहिलंय तसं," ते म्हणाले.

श्रीरंग तिच्याकडे वळला. "मी सांगतो त्यांना. आत्ता सांगतो, हवं तर लिहून देतो. गाडी गेली खड्ड्यात. तू म्हणशील तसं."

तो मनापासून बोलत होता. तेरा वर्षांत त्यानं तिला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. पुणे सोडतानाही तो हेच म्हणाला होता, तू म्हणशील तसं, आणि तेव्हाही हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, एकाच जागी जाऊन पोचायचं होतं. आता खरं बोलावं तर अर्ज रद्द, कागदच नाही. गप्प राहावं तर कागद आहे, त्याच्या नावाचा. तिच्या नावाचा कागद कुठल्याच वाटेनं या काउंटरवर येत नव्हता. तिनं दोन्ही वाटा मनात पुन्हा एकदा जाऊन पाहिल्या, बंद दार आपण नीट ढकललं नव्हतं की काय अशा शंकेनं.

मागे कुणीतरी रांगेत घसा खाकरला.

"श्टेम्पेल, बिटे," शुभदा म्हणाली. शिक्का मारा.

घरी नेण्यापुरत्या तात्पुरत्या नंबरप्लेटी होत्या. गाडी श्रीरंगनं चालवली, कारण शुभदाच्या पुण्याच्या लायसन्सची इथली मुदत पहिल्या सहा महिन्यांतच संपली होती. छत नाही, थंडी कानात घुसत होती. त्यानं दोनदा गिअर खरवडले.

"क्लच पूर्ण दाबा."

"दाबलाय." मग थोड्या वेळानं, "सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर ब्रेंडलेकडे. सगळं नीट समजावून सांगतो त्याला."

"तुम्ही कागद घेऊन आलात तर तो तुम्हालाच नोकरी देईल."

श्रीरंग हसायला गेला आणि मध्येच थांबला. शाल तिच्या मानेवरून सरकली होती. त्यानं एका हातानं ती वर ओढली. ग्रीसचा डाग पडला.

"शुभदा, दुसरी बांधू आपण. या वेळी अर्ज मी भरतो. तुझं नाव घालतो."

"अडीच वर्षं," ती म्हणाली.

"मग काय झालं? इथेच तर आहोत."

"हो ना," ती म्हणाली. "इथेच आहोत."

गावात शिरताना सिग्नल लागला. शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्यानं काच खाली केली, गाडी वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि श्रीरंगला विचारलं, "तुम्ही स्वतः बांधलीत?"

श्रीरंगनं तिच्याकडे बघितलं. इंजिन आयडलिंगला होतं, चौघं एका चालीत, एकही घास न चुकता. शुभदा समोर बघत होती.

"काय सांगू गं?" त्यानं मराठीत विचारलं.

"चला," ती म्हणाली. "हिरवा झालाय."