गिअरबॉक्समधलं पाणी

भगवानराव मिस्त्रींचं कुणाशी पटतं, असं कर्नाटकातल्या अफजलपुरात विचारलं तर लोक जरा आठवून सांगतात, "गिअरबॉक्सशी." बाकी जगाशी त्यांचा उभा दावा. सख्ख्या भावाशी बारा वर्षं अबोला. चहात साखर जास्त पडली तर चहावाल्यासमोरच कप ओतून देणार. पण चाळीस वर्षं ट्रॅक्टर उघडून बसलेल्या या माणसाचं निदान चुकलं, असं मात्र कुणाला म्हणता आलं नाही. म्हणून तर भीमेकाठच्या पूरमदतीच्या शेडमध्ये जमिनीवर पळणारी आणि पाण्यावर तरंगणारी ती गाडी आली, तेव्हा लोकांनी नाक मुरडत का होईना, त्यांनाच बोलावलं.

गाडी म्हणजे आठ चाकं लावलेला मोठा टबच. भगवानराव तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. दर अमावस्येला बोअरचा पंप जोरात सोडून तिला आतून-बाहेरून धुवायचं, गिअरबॉक्सला नळीसकट हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. हा नेम त्यांनी ट्रॅक्टरसाठी जन्मभर पाळला होता, तोच इथं चालू ठेवला.

हरिओम तिथला ड्रायव्हर. खजुरी गावचा, तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, नोकरी कराराची. शेडमधले घरी मराठी बोलणारे हे दोघंच, तेव्हा सूत जुळायला हरकत नव्हती. पण पहिल्याच अमावस्येला हरिओम हसून म्हणाला, "अप्पा, गाडी हाय का म्हैस?" झालं! तेव्हापासून तो भगवानरावांच्या डोळ्यांत खुपायला लागला. त्यानं ब्रेक मारला तरी खोट, नाही मारला तरी खोट.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर गिअरबॉक्सचं तेल बदलायचं ठरलं. भगवानरावांनी टबाच्या तळाचं बूच काढलं, खाली घमेलं सरकवलं आणि गिअरबॉक्सचा बोल्ट सैल केला. तेलाच्या आधी आलं कपभर पाणी. मागून तेल आलं, तेही दूध जास्त झालेल्या चहासारखं. असल्या तेलावर गाडी पुरात गेली असती, तर मध्येच गिअर धरून बसले असते आणि आतली माणसं धारेला लागली असती.

भगवानरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या महिन्यात सरावाच्या वेळी हरिओमनं गाडी हद्दीपलीकडे खोल पाण्यात नेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी त्याला ते मराठीत झापत. आज मात्र अंगणात उभं राहून मुद्दाम कन्नडमध्ये ओरडले, म्हणजे वॉचमनपासून पार्वतम्मा मॅडमपर्यंत एकही ऐकायचा राहू नये. हा माणूस नाही, काळ आहे म्हणाले. याच्या हातात गाडी म्हणजे लोकांच्या मढ्यांची सोय, म्हणाले. हरिओमच्या बापाचाही उद्धार केला. हरिओमनं एवढंच म्हटलं, की पाणी माझ्या पायालासुद्धा लागलं नव्हतं. पण त्याचं कोण ऐकतंय?

शेड पार्वतम्मा मॅडमच्या ताब्यात होती. त्यांनी सांगितलं, "मिस्त्री, कारण लिहून द्या. संध्याकाळी मी याचं नाव कमी करते."

भगवानराव समाधानानं परत गाडीकडे वळले. आता फक्त पाणी कुठून शिरलं ते लिहायचं होतं. सवयीनं त्यांनी गाडीखालच्या घमेल्यात बोट बुडवून चोळलं. नदीचं पाणी असतं तर गाळ लागला असता. भीमेचा गाळ काही लपत नाही. बोटाला नुसतं तेल लागलं, गाळ कणभरही नाही.

मग टबात उतरून त्यांनी गिअरबॉक्सची हवेची नळी पाहिली. तिचं तोंड टबाच्या काठाशी, पार वर असतं. तिथवर नदी आली असती, तर हरिओम छातीइतक्या पाण्यात बसलेला असता. नळीचं टोपण कधीचं उडालेलं होतं. आत बोट फिरवून त्यांनी बाहेर काढलं, तर नखात लाल चिखल. कुंकू.

भगवानरावांच्या तोंडचं पाणी पळालं. नदीनं जे केलं नव्हतं, ते त्यांच्या पंपानं केलं होतं. अमावस्येमागून अमावस्या, हात जोडून.

जवळ फडकं होतं. एकदा फिरवलं की संपलं असतं, कुणाच्या बापाला कळलं नसतं. खोटं बोलायची त्यांना लाज होती, अशातला भाग नाही. माणसांच्या बाबतीत ते दिवसातून दहादा बोलत. पण पाणी नदीतून शिरलं असं कागदावर लिहायला हात उचलेना. त्यांनी फडकं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी शिवी हासडून ते बाहेर आले.

हरिओम भिंतीशी पिशवी भरत होता. भगवानराव त्याच्याजवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाले, "पाणी तुज्यामुळं न्हाई शिरलं. माज्या पंपाचं हाय. जाऊन काम कर."

हरिओमनं मान वर केली. "मला कामून सांगायलाव, अप्पा? मला ठावंच व्हतं."

"मग काय करू?"

"शिव्या कन्नडमधी दिल्याव. समद्यांना बोलवून दिल्याव. ह्ये बी तसंच सांगा."

भगवानरावांचा हात उठला होता, पण तो तसाच खाली आला. ते अंगणाच्या मध्यावर गेले आणि ओरडून, कन्नडमध्ये, सगळं सांगितलं. पंप, नळी, कुंकू. आवाज मघासारखाच चढा होता, त्यांना दुसरा येतच नव्हता. कुणी हसलं नाही. हसले असते तर भांडता तरी आलं असतं. मॅडमनी हरिओमचं नाव कमी करायला काढलेला कोरा कागद परत ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

हरिओमनं पिशवी खाली ठेवली, नव्या तेलाचा डबा आणला आणि टबात उतरला. आधी थोडं तेल घालून गिअरबॉक्स खळखळून घ्यायचा, मग भरायचा, हे त्याला न सांगता माहीत होतं. भगवानराव नरसाळं धरायला वाकले.

"सरका," हरिओम त्यांच्याकडे न बघता म्हणाला.

आणि भगवानराव सरकले.