बाबांचा डबा नेटवर नाही

आमच्या देवघरामागे बाबांचा एक कॉम्प्युटर होता, साबणाच्या डबीएवढा. ना स्क्रीन, ना कीबोर्ड. लॅपटॉपवरून वायफायने आत शिरायचं आणि काय ते सांगायचं. रेल्वेतून रिटायर झाल्यावर बाबांनी व्हिडिओ बघून-बघून तो जमवलेला. रोज सकाळी त्यातून घंटा वाजायची, मग बाबांच्याच आवाजात स्तोत्र, आणि शेवटी, "अगं, चहा टाक." स्वतः तिथेच पेपर वाचत बसलेले, पण हुकूम डब्यातून.

बाबा गेले आणि ग्वाल्हेरहून आत्या आली. दुसऱ्या सकाळी घंटा वाजली तशी ती धावली. "सुतकात घंटा वाजवतं का कुणी?" म्हणत तिने प्लगच ओढला. तिचं तरी काय चुकलं? देव झाकलेले, दिवा नाही, मग घंटा कशी चालेल? पण तो डबा आधी आतून बंद करावा लागतो, हे तिला कुठून माहीत असणार.

तेरावं झालं, आत्या परत गेली. आई म्हणाली, "आता लाव ना ते. स्तोत्र राहू दे. शेवटचं तेवढं ऐकव."

बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. व्हॉइस मेसेजचा त्यांना राग यायचा.

मी प्लग लावला. लाल दिवा लागला, पण लॅपटॉपला डबा दिसेना. राउटर बंद करून चालू केला. त्यावर कोण-कोण जोडलंय ते उघडून बघितलं. आईचा फोन होता, टीव्ही होता, फुकटात आमचं नेट वापरणारे शेजारचे चाचाजीपण होते. बाबा नव्हते.

नेटवाल्या भैयाला फोन केला. "हमारी साइड से तो सब ओके है जी." फोन ठेवून मी त्याच्याच नाकातल्या सुरात आईला ते ऐकवलं. मी आमच्या शहरातल्या खंडेराव गेटपासून स्टेशनपर्यंत सगळ्यांच्या नकला करतो, आई हसते. त्या दिवशी नाही हसली.

मग राउटरमधून सरळ डब्यात वायर लावली. तरी काही नाही. तेव्हा कुठे लक्षात आलं, लाल दिव्याशेजारचा हिरवा लुकलुकतच नाहीये. म्हणजे नेट बिचारं ठीकच होतं, डबाच जागा होत नव्हता. त्यातलं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घातलं. लॅपटॉपने विचारलं, फॉरमॅट करायचंय का? मी नाही म्हटलं. त्याने परत तेच विचारलं.

आईला सांगितलं, कार्ड गेलं. प्लग तसाच ओढल्यामुळे गेलं असेल.

ती म्हणाली, "वन्संना सांगू नकोस हं."

तेवढ्यात आत्याचाच फोन. स्पीकरवर घेतला.

"लागलं का रे लल्ला, दादाचं?"

आईच म्हणाली, "लागलं, वन्सं."

"मग ऐकव ना, वहिनी. त्या दिवशी मीच नीट ऐकू नाही दिलं."

आईने माझ्याकडे बघितलं. मी बाबांसारखा आधी घसा खाकरला. मग म्हणालो, "अगं, चहा टाक."

 पलीकडून आत्या हुंदका देत म्हणाली, "दादा रे." आणि थोड्या वेळाने, "अजून एकदा लाव ना."

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "नेट गेलं, वन्सं," म्हणाली आणि कट केला.

तिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "खोकलापण तसाच काढलास."