पायाखालचा आरसा

साठ-एकसष्टची गोष्ट. बोरी अरब गावातल्या आमच्या घरात माळ्यावर जायला सागवानी जिना होता. आई दर दिवाळीला त्याला जवसाचं तेल चोळायची. जिना आरशासारखा चमकायचा आणि आम्ही त्यावरून धडाधड पडायचो. एकदा वडीलच कापसाच्या गाठोड्यासकट खाली आले, तेव्हा बाजाराला आलेल्या एका सुताराला बोलावलं.

त्यानं आधी हत्यारं काढलीच नाहीत. आईकडून तुरीनं भरलेलं सूप मागितलं, ते छातीशी धरलं आणि अनवाणी चढला. तिसऱ्या पायरीवर पाय सटकला, तसा तो खुशीत हसला. "भरल्या हातानं चढणाऱ्याले पायरी दिसत नाई," म्हणाला. मग पटाशी घेऊन प्रत्येक पायरीच्या कडेला आडव्या खाचा पाडायला बसला.

आईला ते बघवेना. "अवो, सारी चमक घालवून राह्यले तुमी!"

"बाई, आरसा भिंतीले लावा. पायाखाली कायले?"

निघताना तेच सूप घेऊन तो वर जाऊन आला. एक दाणा सांडला नाही. त्याचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

पुढल्या दिवाळीला आई तेलाची वाटी घेऊन जिन्याशी बराच वेळ उभी राहिली. मग वाकून जिन्याखाली शिरली आणि पायऱ्या खालच्या बाजूनं चोळू लागली.