पल्याडचा सर्व्हर बोलत नाही

कॉम्प्युटरला अहो-जाहो करणारं माणूस साऱ्या रायपुरात एकच होतं, आणि ती माझी आत्या होती. चौबे कॉलनीतल्या तिच्या घरी, पुढच्या खोलीत खिडकीपाशी तो ठेवलेला असे. अंघोळ करून, वेणी घालून, चष्मा पदराला पुसून ती त्याच्यापुढे बसली की आधी म्हणायची, "चला, उठा आता." त्याला उठायला पाच-सात मिनिटं लागत. एवढ्या वेळात दुसऱ्या कुणी त्याच्या डोक्यावर थाप मारली असती. आत्या मात्र हात मांडीवर ठेवून शांत बसून राही. मी चुळबुळ केली की म्हणे, "काहून घाई करून राहिला? उठल्या उठल्या तुले तरी बोलता येते का?"

हा सगळा सभ्यपणा नोकरीतून आलेला. आत्याने उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रंक बोर्डावर, परगावचे फोन जोडून देण्यात काढली. नागपूर, बिलासपूर, जबलपूरच्या ऑपरेटर बायकांशी तिची रोजची बोलणी, आणि त्यांच्यापैकी एकीचंही तोंड तिने कधी पाहिलेलं नव्हतं. तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर हसत सांगे, "दिवसभर दुसऱ्यायचं जोडून देत होती, माझं राहूनच गेलं." ती निवृत्त झाली आणि त्याच सुमारास छत्तीसगड वेगळं झालं. रायपूर एकाएकी राजधानी झालं. भोपाळहून फायली आल्या, फायलींमागून साहेब आले आणि साहेबांमागून माझ्यासारखे कारकून. मी चार दिवसांसाठी म्हणून आत्याकडे उतरलो तो कायमचाच राहिलो. विदर्भातून आलेली मराठी घरं शहरभर विखुरलेली होती. कुणी रेल्वेत, कुणी सरकारी ऑफिसात, कुणी शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत. प्रत्येक घरात लग्नाची मुलं होती आणि एका घराला दुसऱ्या घराचा पत्ता नव्हता. आत्याने ठरवलं, या घरांसाठी वधूवरांची वेबसाइट काढायची. त्यासाठी ती अठरा-अठरा वर्षांच्या पोरींच्या क्लासात सहा महिने पहिल्या बाकावर बसली आणि सर आत आले की तीच आधी उभी राहायची.

वेबसाइट बनवायचं तिचं सॉफ्टवेअर एका पुस्तकासोबत मिळालेल्या सीडीवरचं होतं. आम्ही ते बसवलं तेव्हाच ते म्हातारं होतं. पान घरी बनवायचं आणि मग एक बटन दाबलं की ते तारेवरून परगावच्या एका कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, जायचं. तिथून ते जगाला दिसे. निदान जायला हवं होतं. निम्म्या वेळा नुसता एक चौकोन उघडे आणि त्यात इंग्रजीत लिहिलेलं असे की सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही. आत्या त्याचं भाषांतर करी, "पल्याडचा बोलत नाही." मग एका वहीत तारीख, वेळ आणि चौकोनातला मजकूर जसाच्या तसा, वळणदार अक्षरात उतरवून घेई. माझा धीर तिथेच सुटायचा. तिचा तिथे सुरू व्हायचा. "पहिले आपली लाइन पाहाची, मंग गावची, मंग पल्याडची. पल्याडच्याले आधी शिव्या देते थो ऑपरेटर नाई." या क्रमाने ती तार हलवून बघे, मोडेमचा आवाज कान देऊन ऐके, सर्व्हरचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचे. एकदा दोन दिवस काही जाईना. अखेर निघालं ते असं, की पासवर्ड टाकताना माझ्या हातून शेवटी एक मोकळी जागा पडली होती. आत्या रागावली नाही. एवढंच म्हणाली, "दिसत नाही तेच नडते, बाबू."

सर्वांत मोठा विजय तिने 'पॅसिव्ह' नावाच्या एका खुणेवर मिळवला. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर एक मुलगा असायचा, त्याने हिंदीत सांगितलं की सेटिंगमध्ये पॅसिव्हवर टिक करा. का करा, ते त्यालाही नीट सांगता येईना. आत्याने त्याला अर्धा तास धरून ठेवला, सगळं समजून घेतलं आणि फोन ठेवून मला समजावलं, "हे पाह्य. आपण त्यायच्या घरी जाऊन सांगतो का पोरीची माहिती आणली आहे. थे म्हणतात, ठीक आहे, आम्हीच येतो घ्याले. पण आपल्या फाटकावरचा चौकीदार त्यायले आत येऊ देत नाही. मंग काय कराचं? दोन्ही खेपा आपणच जाचं. हेच पॅसिव्ह." पुढे मी पुष्कळ कॉम्प्युटरवाल्यांना हे विचारलं, इतकं सरळ मला कुणी सांगितलं नाही. आणि त्या अर्ध्या तासात त्या मुलाचं वय, शिक्षण आणि धाकटी बहीण लग्नाची आहे, हेही तिने काढून घेतलं होतं.

तिच्या साइटवरची माहिती वाचायला लोक विनाकारण येत. आई-बाप लिहून देत ते आत्या छापत नसे. स्वतः घरी जाऊन, चहा पिऊन, जे दिसलं ते लिही. 'मुलगा रेल्वेत, स्वभाव शांत, जेवताना फार बोलतो.' 'घर स्वतःचं, पाण्याचा त्रास आहे.' 'मुलगी हुशार. हे तिलाही ठाऊक आहे.' कुणी तक्रार केली की तिचं उत्तर ठरलेलं, "लपवलं तं मागून कळते. पहिलेच कळलेलं बरं." आणि गंमत म्हणजे या खरेपणावर लग्नं जमत होती. आठ-नऊ वर्षं जमत राहिली.

मग एका रविवारी दुपारी बीरगावची एक मुलगी आली. उरल्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. तिच्या वडिलांनी महिन्यापूर्वीच तिचं नाव दिलेलं. ती आली, चप्पल काढून दारातच उभी राहिली. आत्याने पाणी दिलं ते तिने हातात धरून ठेवलं.

"आंटी, वो लाइन हटा दीजिए," ती म्हणाली.

आत्याला कुठली ओळ ते कळलं. 'एक साखरपुडा मोडला आहे. दोष मुलीचा नाही.' आत्याने ती तिची बाजू घेऊनच लिहिली होती.

"ऑफिस में किसी ने प्रिंट निकाल के मेरी टेबल पे रख दिया," मुलगी म्हणाली. "सब पूछ रहे हैं, फिर किसका दोष था." तिचा आवाज चढला नाही. "कल फिर जाना है मुझे."

"आत्ता काढते, बेटा. तू जा, आत्ताच काढते," आत्या म्हणाली. मुलगी गेली.

ओळ खोडायला एक मिनिट लागलं. पान पाठवायचं बटन दाबलं आणि चौकोन आला. पल्याडचा बोलत नव्हता. आत्याने वही उघडली नाही. तार पाहिली, नाव पाहिलं, पासवर्ड तीनदा टाकला, पॅसिव्हची खूण काढून पाहिली, लावून पाहिली. चार वाजले. मी मदतीचा नंबर लावला. आता तिथे दुसराच कुणी होता. तो म्हणाला की जुन्या पद्धतीने फाइल पाठवणं कंपनीने कालपासून बंद केलं आहे. आता फक्त सुरक्षित पद्धत चालते आणि तुमच्या सॉफ्टवेअरला ती येत नाही. नवं घ्या. नवं उतरवलं तर आमच्या कॉम्प्युटरवर ते बसेना. दुसरा मार्ग असेलही. आम्हा दोघांना तो ठाऊक नव्हता. आणि त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा आत्याला टेबलावर हात आपटताना पाहिलं. "अरे, बोल ना रे!" ती त्या पडद्याला म्हणाली. "एक ओळ आहे फक्त. एक ओळ!"

फोनवरच्या माणसाला तिने विचारलं की तुम्हीच तेवढी ओळ काढाल का. तो म्हणाला, मजकुराला आम्ही हात लावत नाही. ग्राहकाने सांगितलं तर पूर्ण साइट बंद करता येते, पण बंद झाली की आमच्याकडून सगळं पुसलं जाईल.

आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "बंद कर दीजिए," ती म्हणाली. मग तिने ग्राहक क्रमांक सांगितला, एकेक आकडा सुटा सुटा, बोर्डावर सांगायची तसा.

पाच मिनिटांनी आम्ही पाहिलं तर तिथे काही नव्हतं.

"चाल, गाडी काढ," ती म्हणाली. मी तिला स्कूटरवर बसवून भनपुरीच्या ट्रकांच्या रांगांमधून बीरगावला नेलं. मुलीच्या आईने दार उघडलं, मागे ती उभी होती. आत्या उंबऱ्याबाहेरच थांबली. आईसमोर, शेजारणींच्या देखत, तिने मुलीला हात जोडले.

"बाई, माझं चुकलं. थे माझं लिवाचं नव्हतं, तुझं सांगाचं होतं. काढलं मी आता. सगळंच काढलं."

मुलीने पुढे होऊन आत्याचा हात धरला आणि थोड्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "आत जा... आत या ना, आत्या. चहा करते."

आम्ही चहा घेऊन निघालो. पानं आपल्या कॉम्प्युटरवर आहेत, नवा कॉम्प्युटर घेऊ, महिन्याभरात साइट पुन्हा उभी करू, असं मी पुढे दहा वेळा तरी म्हणालो. आत्या दर वेळी "पाहू" म्हणे. ती पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसली नाही. ज्यांना स्थळ हवं असे ते घरी येत; ती तोंडी सांगे, आणि सांगण्यापूर्वी आता प्रत्येक मुलीला विचारून घेई.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या रविवारी बीरगावहून परतताना ती स्कूटरवर माझ्या खांद्याला धरून बसली होती. कॉलनीच्या वळणावर एकदाच बोलली, "कंपनीनं एक चिठ्ठी तं टाकाची होती रे. महिनाभर पहिले सांगितलं असतं, तं मी काही तरी केलं असतं."

चिठ्ठी आली होती. आत्याला ईमेलचा पत्ता नव्हता, म्हणून कंपनीला माझा दिलेला होता. महिन्याभरापूर्वी ऑफिसात मी ती वाचली होती आणि घरी गेल्यावर सांगू म्हणून तशीच सोडून दिली होती.

"हो ना," मी म्हणालो, आणि गाडी वळवली.